गुडघा लटपटतो तेव्हा: रोबोटचं प्लास्टिक किट जोडायचं कसं आणि पारखायचं कसं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा डबा घेऊन दारात उभा. "मामा, किटच खराब आलंय. हात राहतच नाही." डब्यात रोबोटचं धड एकीकडे, डावा हात एकीकडे. खांद्याच्या खुंटीवरून नख फिरवलं तर टोकाशी अर्ध्या मिलिमीटरचा खरखरीत टवका लागला. भाग चौकटीतून कापताना राहून गेलेला देठ. त्यामुळे खुंटी भोकात पूर्ण गेली नव्हती. पठ्ठ्याने अंगठ्याने जोर लावला, खुंटी वाकली आणि मुळाशी पांढरी पडली. किट ठणठणीत होतं.

सोसायटीतली पोरं, ऑफिसातले दोघं-तिघं, सगळे असंच काहीतरी घेऊन येतात. बहुतेक वेळा चूक क्रमात सापडते. जे जोडण्याआधी करायचं ते जोडल्यावर केलेलं असतं, आणि शेवटी किटला नावं ठेवली जातात. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात काम कसं करायचं यासोबत दोष दिसला तर तो कोणाच्या खात्यात मांडायचा, हेही लिहिलं आहे. एक छोटी वही जवळ ठेवा. तिची गरज शेवटच्या टप्प्यात लागते, पण लिहायला सुरुवात पहिल्या दिवशी करावी लागते.

हे सगळं गोंदाशिवाय खटकन बसणाऱ्या किटबद्दल आहे. गुंडम या जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोटांची एचजी (हाय ग्रेड) श्रेणीची किटं त्यातली. पहिलं किट याच श्रेणीतलं घ्या. तिचं प्रमाण 1/144, म्हणजे कथेतला 18 मीटरचा रोबोट टेबलावर साडेबारा सेंटिमीटरचा होतो. एमजी (मास्टर ग्रेड) श्रेणी 1/100 म्हणजे 18 सेंटिमीटर, पीजी (परफेक्ट ग्रेड) 1/60 म्हणजे 30. आरजी (रिअल ग्रेड) आकाराने एचजीएवढीच असते, पण भाग इतके बारीक की नवख्याचा तिच्यावर कस लागतो. डब्यावरचं चित्र बघून थेट आरजी उचलू नका.

1. टेबल आणि हत्यारं

पंखा बंद. ही पहिली पायरी लोक हसण्यावारी नेतात आणि मग डोक्यावरचा सोनेरी शिंगांचा तुकडा सोफ्याखाली शोधतात. टेबलावर काठ असलेलं स्टीलचं ताट ठेवा आणि कापाकापी त्याच्या वरच करा. उडालेला भाग काठाला आपटून टणकन वाजतो, कुठे गेला ते कळतं. जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा. काम अर्धवट सोडून उठत असाल तर सकाळच्या झाडलोटीआधी चादर स्वतः झटका.

हत्यारं फार लागत नाहीत: निपर (भाग कापायची छोटी पक्कड), पेनासारखं धारदार कटर, चिमटा, पॉलिश पेपर, कापसाच्या काड्या, टूथपिक. यात पैसे घालायचेच असतील तर निपरवर घाला. पुण्यात बुधवार पेठेत वायर कापायला मिळतो तो कटर प्लास्टिक कापण्याऐवजी चेपतो आणि भागावर पांढरा चट्टा पाडतो. तो फेकू नका, पहिल्या कापाला चालतो. मॉडेलच्या निपरचं पातं पातळ असतं आणि त्याची एक बाजू सपाट असते.

पॉलिश पेपर बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मागताना "वॉटर पेपर" म्हणा, पाण्यात चालणारा हवा. 400, 600, 800 आणि 1000 नंबरचा एकेक कागद वर्षभर पुरतो. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक.

सावध: नेलपॉलिश रिमूव्हर टेबलाच्या आसपासही नको. त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक विरघळवतं. डाग पुसायला घेतलेला बोळा भागाचा आकारच घालवतो.

2. डबा उघडल्यावर तासभर काहीच कापू नका

भाग ज्या चौकटींना लटकलेले असतात त्यांना रनर म्हणतात. प्रत्येक रनरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर असतं आणि प्रत्येक भागाशेजारी आकडा. माहितीपुस्तिकेतला "ए 12" म्हणजे ए रनरवरचा बारावा भाग. आधी पुस्तिकेतल्या यादीशी सगळे रनर ताडून बघा. यादीत फुली मारलेले किंवा राखाडी केलेले भाग या मॉडेलला लागत नाहीत. एकच साचा दोन-तीन मॉडेलना वापरल्यामुळे ते शिल्लक राहतात. शेवटी ते हातात उरले म्हणजे काहीतरी लावायचं राहिलं असं नव्हे.

रनरच्या पट्टीवर प्लास्टिकचा प्रकारही कोरलेला असतो: पीएस, एबीएस किंवा पीई. हे वहीत उतरवा. पुढे शाई आणि गोंदाच्या वेळी याच अक्षरांवर सगळं अवलंबून असतं.

पुस्तिका जपानी असली तरी चित्रं बोलतात. "×2" म्हणजे तोच जोड दोनदा करायचा. बाण वळलेला असेल तर भाग फिरवून बसवायचा. उरलेल्या सूचनांवर मोबाइलचा भाषांतराचा कॅमेरा धरा, काम भागतं.

आता किटची पहिली पारख, कारण या क्षणी त्यावर तुमच्या हाताचा एकही डाग नाही. भागांच्या कडेला पापुद्र्यासारखं जादा प्लास्टिक आलंय का? कोरलेल्या रेषा सगळीकडे सारख्या खोल आहेत का? देठ भागाच्या दर्शनी बाजूला आहेत की लपणाऱ्या? छातीवरचा पिवळा झरोका वेगळ्या पिवळ्या प्लास्टिकचा आहे की स्टिकरने भागवलंय? चार ओळी लिहा. जोडून झाल्यावर हे आठवत नाही.

3. कापणं: एका देठाला दोन काप

निम्मी मॉडेलं इथे बिघडतात, म्हणून इथे रेंगाळू या.

वांग्याचा देठ आपण जसा टोपीला लागून कापतो तसा हा देठ भागाला लागून कापायचा मोह होतो. तिथेच घोटाळा होतो. निपर मिटताना प्लास्टिक दोन्ही बाजूंना ढकललं जातं. एका बाजूला जाड रनर आणि दुसऱ्या बाजूला नाजूक भाग असला की ताण भागावर येतो. मग एकतर टवका निघून खड्डा पडतो, नाहीतर प्लास्टिक आतून फाटून पांढरं होतं. पांढऱ्या भागावर ते खपून जातं, गडद निळ्यावर आणि काळ्यावर लांबून दिसतं.

म्हणून पहिला काप रनरच्या बाजूला, भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब. भाग सुटून हातात आला की त्याच्यावर ताण टाकायला पलीकडे काही उरत नाही. मग निपरची सपाट बाजू भागाकडे करून दुसरा काप, पण तोही अर्धा मिलिमीटर सोडून. उरलेलं कटरने पातळ पापुद्रे काढत न्या. गाजर सोलतो तसं. एका फटक्यात सपाट करायला गेलात तर पातं भागात शिरतं किंवा बोटात.

एका पात्याचा महाग निपर असेल तर तो फक्त दुसऱ्या कापाला. जाड रनरवर चालवला की पातं तुटतं.

पारदर्शक भाग, म्हणजे डोळे आणि तलवारीचं पातं, सगळ्यात ठिसूळ. ते रनरपासून पिळून तोडू नका. तडा गेला तर लपवता येत नाही.

एका वेळी एकाच पायरीचे भाग कापा. "सगळं कापून ठेवतो, मग निवांत जोडतो" म्हणणाऱ्याच्या पुढ्यात तासाभराने एकसारखे दिसणारे चाळीस पांढरे तुकडे असतात. उजवी आणि डावी पोटरी आरशातल्यासारखी असते. रनरवरून उतरली की आकडा गेला.

तपासा: भागाच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. बाहेरचा देठ सगळे घासतात, दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथला राहून जातो. जोडातली फट आणि न बसणारी खुंटी बहुधा याच टवक्यामुळे. भाच्याच्या खांद्याचं तेच झालं होतं.

4. घासणं

वाटीत पाणी घ्या. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि कागद तुंबत नाही. नळाखाली घासू नका, बेसिनच्या जाळीतून घोटा गेला की गेला. (गुरुवारी पाणी बंद असलं तरी हे काम अडत नाही, वाटीभर पाण्यात अख्खा पाय होतो.)

400 फक्त उंचवटा खाली आणायला, तोही जपून. मग 600, 800, 1000. प्रत्येक कागदाचं काम आधीच्या कागदाचे ओरखडे काढणं. 400 वरून थेट 1000 वर उडी मारली तर 400 चे ओरखडे तसेच राहतात, वरून गुळगुळीत लागतात आणि शेवटी फवारायच्या थराखाली पुन्हा उठून दिसतात.

सपाट पृष्ठभागावर कागद बोटाने दाबू नका. बोट मऊ असतं, कड गोल करतं. आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर कागद चिकटवा. यंत्राचा कडकपणा त्या धारदार कडांमध्येच असतो, त्या गेल्या की रोबोट साबणाच्या वडीसारखा दिसतो.

सावध: खुंट्या आणि गोल सांधे घासू नका. त्यांचा व्यास केसभर कमी झाला तरी तो सांधा कायमचा सैल. देठ खुंटीवरच असेल तर फक्त तेवढाच टवका कटरने काढा.

तपासा: खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भागाला जवळपास समांतर धरा. समोरच्या उजेडात न दिसणारे ओरखडे तिरक्या उजेडात रांगेने उभे राहतात.

5. जोडणं, पण आधी सुकी जुळवणी

डोकं, धड, हात, पाय, पाठीवरचं ओझं आणि शस्त्रं असे गट वेगवेगळे पूर्ण करा. प्रत्येक गटात खुंटी आधी हलकेच टेकवून बघा. अर्ध्यावर अडली तर थांबा आणि तीन गोष्टी बघा: भाग उलटा तर नाही, आतला टवका राहिला आहे का, मध्ये बसायचा तुकडा राहिलाय का. या तिन्ही बघितल्याशिवाय अंगठ्याचा जोर लावू नका.

मध्ये बसणारा तुकडा बऱ्याचदा करडी, रबरासारखी मऊ पॉलिकॅप असते. नव्या किटमध्ये काही वेळा ती नसते, सांधे सरळ कडक प्लास्टिकचे येतात. पण असते तेव्हा तिला उलट-सुलट बाजू असते. एका बाजूचं भोक जरासं खोल असतं. उलटी बसली तरी मांडी बंद होते, गुडघा मात्र कधीच पूर्ण वाकत नाही. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये दोन महिने मी "या किटचा उजवा गुडघा कच्चा" असं सांगत फिरलो होतो.

पुढे रंग किंवा शाई करायची असेल तर भाग पुन्हा उघडावे लागतात. म्हणून खुंटीचं टोक निपरने तिरकं छाटून थोडी आखूड करा. पकड राहते, उघडतानाचं भांडण मिटतं. फक्त पेलणारे भाग, कंबर आणि खांदे, यांच्या खुंट्यांना हात लावू नका. उघडायला कटरचं पातं घालू नका, जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा घाला.

6. मधली रेघ मिटवायची असेल तरच

दंडावर आणि मांडीवर दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ दिसते. रंगवणार नसाल तर ती राहू द्या, कारण मिटवताना प्लास्टिकचा पोत बदलतो. रंगवणार असाल तर दोन्ही कडांना मॉडेलचं पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) लावा, भाग दाबा, कडेने वितळलेलं प्लास्टिक किंचित बाहेर यायला हवं. किमान एक दिवस हात लावू नका, दोन दिवस थांबलात तर उत्तम. घाईने घासलं की आठवड्याने तिथे खाच पडते. हे सिमेंट पीएसवर चालतं, पीईची पॉलिकॅप त्याला दाद देत नाही. फेव्हिक्विक पारदर्शक भागाजवळ वापरू नका, तिच्या वाफेने काच धुरकट होते.

7. आखणी

गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवून झाली तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती मातीच वाटते. इथेही तसंच. कोरलेल्या खाचांत गडद शाई भरली की प्लास्टिकच्या खेळण्याचं यंत्र होतं. आणि आखणीसारखंच, हात थरथरला की सगळ्यांना कळतं.

पांढऱ्या भागाला राखाडी, लाल आणि पिवळ्याला तपकिरी, निळ्या-करड्याला काळी. पांढऱ्यावर काळी ओढली तर रोबोट फरशीसारखा दिसतो. सगळ्या रेषा भरायलाच हव्यात असंही नाही. मला विचाराल तर निम्म्या सोडल्या तर बरं.

नवख्याने बारीक टोकाचा मार्कर घ्यावा. खाचेत आपोआप पसरणारी पातळ इनॅमल शाई दिसायला सुंदर, पण तिच्यातलं थिनर उघड्या प्लास्टिकच्या ताणलेल्या जागी शिरतं आणि तडे पाडतं. एबीएसवर तर नक्कीच टाळा. वहीत उतरवलेली अक्षरं इथे बघायची. वापरायचीच असेल तर आधी चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक लेपाचा) थर द्या, भाग सुटे ठेवा आणि पुसून पूर्ण वाळल्यावरच जोडा. जोडलेल्या सांध्यावर ओघळलेली शाई रात्रीत खुंटी तोडते, आणि सकाळी पुन्हा किटला शिव्या.

8. स्टिकर आणि पाण्याची डिकॅल

चकाकी स्टिकर चिमट्याने उचला, बोटाचं तेल लागलं की कडा उचकटतात. मधून बाहेर टूथपिकने दाबत जा. पाण्याची डिकॅल, म्हणजे भिजवून सरकवायचं पातळ चित्र, कोमट पाण्यात दहा-वीस सेकंद बुडवा, मग ओल्या भागावर सरकवा आणि कापसाच्या काडीने पाणी टिपा. खरखरीत पृष्ठभागावर लावली तर खाली हवा राहते आणि चंदेरी झाक दिसते. म्हणून ती शेवटच्या मॅट (बिनचमकीच्या) थराआधी, चकचकीत पृष्ठभागावरच.

9. मॅट क्लिअर, आणि पुण्याचं हवामान

शेवटचा मॅट थर घासल्याच्या खुणा झाकतो आणि खेळण्याची चमक मारतो. एवढ्याने अर्धं मॉडेल सुधारतं. आणि एवढ्यानेच अख्खं बिघडतंही.

एका जुलैत पाऊस तासभर उघडला म्हणून मी कोथरूडच्या घराच्या गॅलरीत फवारा मारला. थर वाळता वाळता निळी छाती राख फासल्यासारखी झाली. फवाऱ्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे काम करूच नका. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं नव्हे. मे महिन्याच्या भर दुपारीही नको, तेव्हा फवारा हवेतच वाळून भुकटीसारखा बसतो. नोव्हेंबर ते मार्च, ऊन चढल्यावरची सकाळ सगळ्यात चांगली.

डबा मिनिटभर हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, भागाच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच संपवा. दोन-तीन हलके थर, मधे पंधरा-वीस मिनिटं. पारदर्शक भाग आधी काढून ठेवा, मॅटखाली ते आंधळे होतात. मास्क लावा, आणि आत गॅस चालू असताना गॅलरीचं दार उघडं नको.

धुरकट झालंच तर घासायला धावू नका. कोरड्या दिवशी चकचकीत क्लिअरचा हलका थर द्या, बरेचदा धूर विरघळतो. माझा अर्धा विरघळला.

10. पारख

पूर्ण मॉडेल टेबलावर आल्यावर लगेच मत देऊ नका, तेव्हा आपण स्वतःवरच खूश असतो. दुसऱ्या दिवशी या क्रमाने बघा.

काचेवर सरळ उभं करा, स्टँडशिवाय. पाय फाकवा. तळवा पूर्ण टेकतो की कडेवर उभा राहतो? घोटा बाजूला वळत नसेल तर ती रचनेची मर्यादा, किटच्या खात्यात. एकच घोटा वळत नसेल तर आपल्या खात्यात, कारण दोन्ही पाय एकाच आराखड्याचे आहेत. ही युक्ती सगळीकडे चालते: दोन्ही बाजूंना सारखा दोष असेल तर बोट किटकडे, एकाच बाजूला असेल तर आधी स्वतःचं काम उघडून बघा.

मग कोपर आणि गुडघा. नव्वद अंशांपुढे किती जातात? गुडघ्यावर बसवून बघा. कंबर फिरवा. रायफल हातात देऊन हात समोर सरळ धरा आणि तसंच चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशी हात उतरला असेल तर खांदा पेलत नाही. पाठीवरचं ओझं काढून पुन्हा उभं करा. आता नीट उभं राहिलं तर दोष सांध्याचा नसून वजनाच्या मांडणीचा.

सैल सांध्यावर उपाय आहे. गोळ्याला फेव्हिक्विकचा अगदी पातळ थर, पूर्ण वाळेपर्यंत तासभर बाहेर, मगच बसवायचा. ओला बसवलात तर तो सांधा जन्मभर त्याच अवस्थेत.

हाताळताना काय गळून पडतं तेही लिहा. मॉडेल दहा वेळा उचला, दहा वेळा ठेवा. कंबरेची झडप एकदा पडली तर ठीक, चारदा पडली तर ती नोंद हवी.

दिसण्याची पारख हातभर अंतरावरून करा आणि मग तिरक्या उजेडात मोबाइलने फोटो काढून. डोळा स्वतःच्या चुका पोटात घालतो, कॅमेरा घालत नाही. पांढरे चट्टे, राहिलेले देठ, गोल झालेल्या कडा, वाकड्या रेषा हे सगळं आपलं. उथळ कोरीवकाम, दर्शनी बाजूचे देठ, स्टिकरने भागवलेले रंग हे किटचं. दुसऱ्या टप्प्यातल्या चार ओळी आता काढा आणि शेजारी ठेवून वाचा.

पांढरा चट्टा उरला असेल तर हेअर ड्रायर मंद आचेवर, लांबून, काही सेकंद. चट्टा फिकट होतो. जवळ नेलात तर भाग वाकतो.

कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर मॉडेल दुसरीकडे ठेवा, उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. उरलेले रनर लगेच टाकू नका. त्यांचे तुकडे शाईचा रंग आणि मॅटचा फवारा आधी करून बघायला कामी येतात.

भाच्याच्या खांद्यात शेवटी रनरचाच एक तुकडा खुंटी म्हणून गेला. मुळाशी बारीक भोक पाडलं, तुकडा सिमेंटने बसवला, दोन दिवस वाळू दिला. मग त्याने वहीत दोन रकाने आखले आणि स्वतःच लिहिलं. डावा खांदा: मी. उजव्या पोटरीवरचा चट्टा: मी. दोन्ही घोटे कमी वळतात: किट. शिंगांचा तुकडा: पंखा.